कोरडा पंप आणि एक आरती

पंपाला हात लावला आणि मी थबकलो. पंप गरम होता.

चटका बसावा एवढा नाही, पण चांगला उबदार. सकाळी मीच तो खोलला होता, दुरुस्त केला होता आणि परत ट्रॅक्टरला बसवला होता. मग तेल आणायला घोटीला गेलो. जाताना बजावून गेलो होतो की मी येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करायचा नाही. उभ्या ट्रॅक्टरचा पंप आपोआप गरम होत नाही, आषाढातल्या पावसात तर मुळीच नाही.

माझ्या दुसऱ्या हातात खोबरं आणि साखर होती. गाडीतून उतरल्याबरोबर सुमनताईंनी "प्रसाद घ्या साहेब" म्हणून हातावर ठेवलेली. एक तुकडा तोंडातही गेला होता. कसली पूजा, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

"गोरख, ट्रॅक्टर कोणी सुरू केला?"

"कोणीच नाय साहेब."

"मग पंप गरम कसा?"

गोरखने पंपाकडे पाहिलं, मग शेडच्या पत्र्याकडे, मग बाहेरच्या पावसाकडे. "हवाच तशी हाय," तो म्हणाला.

बाहेर अंगावर काटा यावा असा गारठा होता. मी तोंडातलं खोबरं गिळलं आणि बॉनेटवर हात ठेवला. इंजिनही गरम होतं.

थोडं मागचं सांगतो. मी नाशिकच्या एका ट्रॅक्टर डीलरकडे सर्व्हिस इंजिनीअर आहे. नावाला वर्कशॉपमध्ये असतो, पण खरा दिवस जातो लोकांच्या शेतावर, गोठ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. द्राक्षावर फवारणीची घाई असली की तिकडे, आणि आषाढात घोटीच्या बाजूला भाताच्या गावांत. सुमनताईंचं गाव घोटीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. नवरा सातपूरला कंपनीत, शिफ्टमध्ये. शेती, ट्रॅक्टर आणि सासूबाई हे तिन्ही त्या एकट्या सांभाळतात. ट्रॅक्टर चालवतो गोरख. हा त्यांच्या नणंदेचा मुलगा, तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. मामीच्या शब्दाबाहेर नाही. वस्तीतल्या बऱ्याच खाचरांची चिखलणी हा एकच ट्रॅक्टर करतो.

चिखलणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताची रोपं लावायच्या आधी खाचरात पाणी साठवून माती घुसळून मऊ करावी लागते. ते काम ट्रॅक्टरच्या मागे लावलेला रोटाव्हेटर करतो. इथली खाचरं लहान. जरा पुढे गेलं की बांध. बांध आला की रोटाव्हेटर वर उचलायचा, ट्रॅक्टर वळवायचा आणि परत खाली सोडायचा. हे उचलण्याचं काम हायड्रॉलिक लिफ्ट करते. लिफ्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचे दोन दणकट हात. त्यांना जोर मिळतो तेलाच्या दाबातून, आणि तो दाब तयार करतो पंप. पंप गेला की रोटाव्हेटर जमिनीवर बसून राहतो आणि ट्रॅक्टर नुसता मिरवायच्या कामाचा उरतो.

सुमनताईंची लिफ्ट बरेच दिवस कुरकुरत होती आणि नेमकी आदल्या दिवशी बसली. राबातली, म्हणजे आधी पेरून वाढवलेल्या वाफ्यातली, रोपं लावणीला आलेली. आवणीसाठी, म्हणजे भातलावणीसाठी, सुरगाण्याकडची मजुरांची टोळी मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. पुढे ट्रॅक्टर चिखल करत जाणार आणि मागे टोळी रोपं लावत येणार, असा बेत. टोळीचे दिवस सगळीकडे वाटून झालेले असतात. एक दिवस चुकला की ती पलीकडच्या गावाला जाते आणि परत मोकळी होते ती हंगाम सरल्यावर. तोवर रोपं राबातच पिवळी पडतात. सुमनताईंचं आणि त्यांच्या भरवशावर बसलेल्या शेजारच्या घरांचं वर्षाचं भात या एका दिवसावर होतं. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, म्हणून मी सकाळीच नाशिक सोडलं.

दुरुस्ती सोपी होती. पंपाचा सील फाटला होता आणि तिथून पंप हवा ओढत होता. सील बदलले, आतली झिजलेली पट्टी बदलली, पंप जोडला, बसवला. राहिलं होतं फक्त प्रायमिंग.

हा शब्द मोठा वाटतो, पण शेतकऱ्याला ही गोष्ट जन्मापासून ठाऊक आहे. विहिरीवरची जुनी मोटार सुरू करायच्या आधी आपण तिच्यात वरून पाणी ओततो, हवा काढतो आणि मगच बटण दाबतो. हवा राहिली तर मोटार नुसती फिरते, पाणी ओढत नाही. हायड्रॉलिक पंपाचंही तेच. खोलून जोडलेला पंप आतून रिकामा असतो. सुरू करायच्या आधी त्याला तेल पाजावं लागतं. फरक एवढाच की विहिरीची मोटार थोडा वेळ कोरडी फिरली तर बहुतेक वेळा निभावते. हायड्रॉलिक पंपात दोन गिअर एकमेकांना आणि बाजूच्या पट्टीला इतके घसटून फिरतात की मधे कागदही जाणार नाही. त्यांच्यामध्ये तेलाचा पदर नसेल तर लोखंड लोखंडाला खातं.

हे सगळं तेव्हाच उरकलं असतं. पण गोरखने तेलाचा डबा उघडला आणि आत तेल नव्हतं, ताक होतं. म्हणजे तेलच, पण पावसाचं पाणी शिरून पांढुरकं झालेलं. झाकण कधीचं सैल राहिलेलं.

"गाळून चालंल ना साहेब?" गोरखने विचारलं.

"चहा आहे का गाळायला?" मी म्हणालो.

तिथून घोटी फार लांब नाही, पण हंगामाचे दिवस. बाजारपेठेत बी-खताची, ताडपत्रीची, रेनकोटची गर्दी. तेलाची सीलबंद बादली घेऊन परत यायला दुपार झाली. आणि परत येतो तर हातात प्रसाद आणि समोर गरम पंप.

आता माझा स्वभाव सांगितला पाहिजे. माझा आवाज पटकन चढतो. तो चढला की समोरचा खरं सांगायचं बंद करतो, असं माझी बायको म्हणते आणि तिचं बरोबर आहे. पण ते आठवतं नेहमी नंतर. त्या दिवशीही मी शेडमध्ये उभा राहून सगळ्यांना फैलावर घेतलं. कोणी सुरू केला, कोणाच्या परवानगीने केला, मी काय सांगून गेलो होतो. गोरख खाली बघत राहिला. सुमनताई दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. सासूबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि परत वाती वळायला लागल्या.

मी नाशिकला आमच्या मॅनेजरसाहेबांना फोन लावला.

"सर, पंप कोरडा फिरलाय. मी नव्हतो तेव्हा."

"किती वेळ फिरलाय?"

"कोणी सुरू केला तेच कोणी सांगत नाही."

"अरे, कोणी केला ते पोलीस विचारतील. तू इंजिनीअर आहेस. किती वेळ फिरला?"

"ते अजून कळलं नाही."

"हे बघ," ते म्हणाले, "प्राइम कर आणि ये निघून. उचलला तर उचलला."

"आणि उद्या खाचरात बसला तर?"

"नवा पंप परवा मिळेल. कदाचित तेरवा."

परवा आणि तेरवाला काही अर्थ नव्हता. पण त्यांचा पहिला प्रश्न बरोबर होता. पंप काही क्षणच कोरडा फिरला असेल तर फारसं बिघडत नाही, कारण जोडताना मी गिअरना पेट्रोलियम जेलीचा हात दिला होता. हिवाळ्यात ओठांना लावतो तीच जेली. सुरुवातीच्या फिरण्यात ती गिअर सांभाळते. पण जास्त वेळ फिरला असेल तर जेली वितळून जाते आणि मग पंप परत खोलून बघण्यावाचून गत्यंतर नाही.

खोलावं तर त्यातही जोखीम होती. सीलचा संच मी सकाळीच वापरला होता, दुसरा जवळ नव्हता. नवे सील परत काढताना एखादा फाटला तर ट्रॅक्टर परवापर्यंत जागेवर. न खोलावं आणि आत जखम झालेली असेल तर उद्या टोळी चिखलात उभी असताना पंप जाम. दोन्हीकडून सुमनताईच अडकत होत्या. म्हणजे सगळा निर्णय एका उत्तरावर होता आणि ते उत्तर ज्यांच्याकडे होतं त्यांच्यावर मी नुकताच ओरडलो होतो.

मी ओसरीवर सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसलो. चहा मागितला. चहा मागितला की माणूस निघून जाणार नाही हे घराला कळतं.

सुमनताई चहा घेऊन आल्या.

"ताई," मी म्हणालो, "मला नाव नको कोणाचं. ट्रॅक्टर किती वेळ चालू होता, एवढंच सांगा. त्यावर ठरेल उद्याचं."

त्यांनी पदर खांद्यावर घेतला. "मीच चालू करायला लावला," त्या म्हणाल्या. "गोरखचा काय दोष नाय. तो नाय म्हणत होता."

"पण कशासाठी?"

"उद्या आवस हाय साहेब. आज दुपारनंतर लागतीय. टोळीतली माणसं आवसंला नवं काम धरीत नाय. आदल्या दिवशी चालू झालेलं असलं तर धरतात. मुकादमाचा फोन आला, ट्रॅक्टर चालू झाला का म्हणून. मी झाला म्हणले. आता एवढं बोलून बसले, मग आवस लागायच्या आत चालू करायलाच पायजे ना. नाय तर खोटी पडले असते."

"मला फोन करायचा."

"लावला होता. तुमचा लागत नव्हता. आन् चालू करू नका म्हणले ते लिफ्टसाठीच, असं वाटलं मला. लिफ्टला कोणी बोट नाय लावलं, विचारा गोरखला."

गोरख शेडच्या खांबाआडून म्हणाला, "लिवरला हातच नाय लावला साहेब. देवाची आण."

ते खरं बोलत होते. त्यांच्या लेखी इंजिन वेगळं आणि लिफ्ट वेगळी. या ट्रॅक्टरचा पंप इंजिनच्या कडेला बसतो आणि इंजिनच्या गिअरवरच फिरतो. लिव्हरला हात लावा न लावा, इंजिन सुरू झालं की पंप फिरायला लागतो. हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. कारण कधी माहीत असायची वेळच येत नाही.

"बरं. मग किती वेळ चालू होता?"

सुमनताईंनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी वात वळता वळता उत्तर दिलं. "आरती होईस्तोवर."

"म्हणजे किती मिनिटं?"

"मिनिटं कोण मोजतं? नारळ फोडला, कुंकू लावलं, गोरखनं शेल मारला, आरती म्हणली, बंद केला."

"पंपाचा आवाज नाही आला? किंचाळल्यासारखा?"

"आला की," गोरख पुढे येत म्हणाला. आता त्याला धीर आला होता. "दुसरं कडवं चालू असतानाच यायला लागला. मी बंद करायच्या नॉबवर हात ठेवला होता साहेब, असा. पण मामीनं डोळे मिटलेले. आजी टाळ्या वाजवतीय. आरती मधी कशी तोडायची?"

सासूबाई म्हणाल्या, "तोडीत नसतात."

मी कपाळावर हात मारणार होतो, पण मारला नाही. कारण मी स्वतः त्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मला माहीत होतं. माझ्या घरी आरती चालू असताना गॅसवर दूध उतू गेलेलं आहे. आम्ही सगळे उभे होतो, वास सगळ्यांना आला होता आणि हात जोडलेले कोणाचे सुटले नव्हते.

"ठीक आहे," मी मोबाइल काढला. "आता ती आरती परत म्हणा. मघाशी म्हटली तशीच, त्याच चालीत. गोरख, तू तिथं उभा राहा आणि किल्ली फिरवून सेल कुठे मारला, बंद कुठे केला ते हाताने दाखव."

सुमनताईंना वाटलं मी चेष्टा करतोय. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या उठल्या. सासूबाईंना हाताला धरून शेडमध्ये आणलं. पाऊस पत्र्यावर वाजत होता. बंद ट्रॅक्टरसमोर तिघं उभे राहिले, गोरखने हवेतच किल्ली फिरवली, मी घड्याळ सुरू केलं आणि आरती सुरू झाली.

पहिलं कडवं संथ गेलं. दुसऱ्यापासून नेहमीप्रमाणे वेग चढला. टाळ्यांचा ठेका लागला. गोरखने दुसऱ्या कडव्याला भुवया उडवून मला खूण केली, इथं आवाज आला. मी मान हलवली आणि माझ्या लक्षात आलं की मोबाइल धरलेल्या हाताने मीही मांडीवर ठेका देतोय. आरती संपत आली तसं मी बोट तयार ठेवलं, तर सासूबाईंनी शेवटची ओळ परत घेतली. मग आणखी एकदा घेतली.

"मघाशीही तीनदा घेतली होती?"

"तीनदाच घेतात," त्या म्हणाल्या.

गोरखने हवेतला नॉब ओढला. मी घड्याळ थांबवलं. तीन मिनिटांना थोडं कमी.

निर्णय झाला. पंप खोलायचा.

मी मॅनेजरसाहेबांना परत फोन केला. "सर, पावणेतीन मिनिटं. खोलतोय."

"एवढं अचूक कोणी सांगितलं?"

"आल्यावर सांगतो."

पंप उतरवला. शेडच्या पत्र्याला एका ठिकाणी गळती होती, म्हणून सुमनताईंनी वर ताडपत्री धरली. स्वच्छ धुतलेलं लुगडं अंथरून त्यावर मी एकेक भाग काढून ठेवला.  लाकडाच्या चपट्या काडीने अलगद उचलत एकेक सील सुटा केला. एकही फाटला नाही.

गिअर बघितले. एका बाजूला जेली शाबूत होती, दुसऱ्या बाजूला नाहीशी झाली होती. गिअरचे दात ठीक होते. पण बाजूच्या पट्टीवर गोल ओरखडे उठले होते. नखाला लागत होते. ही पट्टी पितळेसारख्या मऊ धातूची असते. तिच्यावर ओरखडे राहिले की त्यातून दाब निसटतो, पट्टी तापते आणि शेवटी गिअरला चिकटते. नुसतं प्राइम करून गेलो असतो तर उद्याची सकाळ निघाली असती, दुपार निघाली नसती.

"गेला का पंप?" सुमनताईंनी ताडपत्रीखालून विचारलं. 

"नाही गेला. मला एक सपाट काच पाहिजे. अगदी सपाट."

आरसा आणला, तो मधे फुगीर निघाला. खिडकीची काच चौकटीत पक्की बसलेली. मग सुमनताई स्वतःच आत गेल्या आणि टीपॉयवरची काच उचलून घेऊन आल्या. खाली घातलेल्या गुलाबाच्या प्लॅस्टिकचा एक कोपरा तिला चिकटून आला होता. सासूबाई म्हणाल्या, "फोडू नका, पाव्हण्याला च्या कशावर देऊ?"

काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवला, तेलाचे थेंब टाकले आणि पट्टी त्यावर हळूहळू गोल घासायला लागलो. हे काम घाईचं नाही. जोर दिला की एक बाजू जास्त उतरते. थोडं घासायचं, पुसायचं, उजेडात धरून बघायचं, परत घासायचं. गोरख शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"साहेब, मला वाटलं खरं कळलं तर तुम्ही जाता निघून," तो म्हणाला.

"म्हणून हवा गरम होती?"

तो हसला आणि मलाही हसू आलं. घासता घासता मी त्याला पंप समजावून सांगितला. इंजिनवरचा गिअर दाखवला, त्यात पंपाचा दात कसा अडकतो ते दाखवलं. त्याने बोटाने गिअर फिरवून बघितला. "म्हंजे हा कायमच फिरतो," तो स्वतःशीच म्हणाला. सकाळी यासाठी मी थोडा वेळ काढला असता तर दुपार वाचली असती, पण सकाळी मी तेलाच्या डब्यावर रागावलेलो होतो.

ओरखडे गेले. सगळे भाग डिझेलने धुतले, वाळवले, जेलीचा हात दिला, पंप जोडला आणि बसवला. आता प्रायमिंग.

नवीन बादलीचं सील सगळ्यांसमोर फोडलं. जाळीतून गाळत टाकी भरली. पंपाकडे तेल येतं त्या पाइपचा नट सैल केला. आधी फुसफुस झाली, मग बुडबुडे, मग फेस, आणि मग सलग तेलाची धार आली तेव्हा नट घट्ट केला. गोरखला स्टॉप नॉब ओढून धरायला लावला, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि सेलचे थोडे थोडे झटके दिले. इंजिन सावकाश फिरतं, पंपही सावकाश फिरतो आणि तेल आत ओढून घेतो. पुढच्या पाइपचा नट ढिला ठेवला होता, तिथून तेल पाझरलं. तोही घट्ट केला.

"आता सेल मार. रेस वाढवायची नाही."

ट्रॅक्टर सुरू झाला. पंप रडायला लागला. बारीक, ताणलेला आवाज. सुमनताईंचा चेहरा उतरला.

"काही नाही, उरलेली हवा निघतेय," मी मोठ्याने सांगितलं. "दोन मिनिटं असाच चालू ठेवायचा. लिफ्टला हात लावायचा नाही."

माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत गोरखचा हात लिव्हरवर गेला होता.

त्याला दोष देत नाही. इतकी वर्षं मी हे बघतोय. हवा पूर्ण निघायच्या आत लिफ्ट उचलली की फेसाळलेलं तेल दाबाखाली जातं आणि नव्या सीलची वाट लागते. प्रत्येकाला सांगतो, दोन मिनिटं थांबा. आणि प्रत्येक जण, शिकलेला असो नसो, उचलतेय की नाही बघायला लगेच लिव्हर ओढतो. दुरुस्तीनंतर माणसाला धीर निघत नाही. ज्याचं भात अडकलंय त्याला तर नाहीच निघत.

मी गोरखचा हात बाजूला केला. आणि मला सुचलं.

"सुमनताई, आरती म्हणा."

"आता? आवस लागली की."

"आरतीला आवस कुठे आड येते? म्हणा. पूर्ण म्हणायची. मधे तोडायची नाही."

सासूबाई ओसरीवरून उठल्या. त्यांचा हात कोणाला धरावा लागला नाही. त्या दिवशी तिसऱ्यांदा त्या शेडमध्ये आरती सुरू झाली. गोरख सीटवरच होता. त्याने चप्पल काढली आणि हात जोडले. जोडलेले हात लिव्हरवर जात नाहीत.

मी पंपाशी कान लावून वाकलो होतो. पहिल्या कडव्याला तो रडतच होता. दुसऱ्यात आवाज जाडसर झाला. टाकीतलं तेल खाली गेलं होतं, म्हणजे पाइप आणि फिल्टर भरत होते. मी वरून आणखी ओतलं. वेग चढला, टाळ्या वाढल्या आणि पंपाचा आवाज इंजिनच्या आवाजाखाली दबत गेला. सासूबाईंनी शेवटची ओळ पहिल्यांदा घेतली तेव्हा तो अजून पुसट ऐकू येत होता. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा नुसतं इंजिन ऐकू येत होतं.

"आता उचल," मी म्हणालो.

गोरखने लिव्हर ओढला. मागचे दोन हात एकदा थरथरले आणि सरळ वर गेले. खाली सोडले, परत वर गेले. असं बऱ्याचदा केलं, मग रोटाव्हेटर जोडला. तोही उचलला गेला आणि उचललेला तसाच राहिला. सुमनताई त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. मग ताडपत्रीची घडी घालायच्या निमित्ताने त्यांनी पाठ फिरवली आणि पदराने डोळे पुसले.  मी पंपाच्या नटांवर परत एकदा पाना फिरवला.

"टोळी येईल ना पण?" मी विचारलं. "अमावस्येत दुरुस्त झालाय."

"चालू तर आवस लागायच्या आधीच झाला होता," त्या म्हणाल्या. "मुकादमाला तसंच सांगितलंय. आता ते खोटं नाय."

 त्यांचा मुहूर्त मला तीन तासांना पडला होता, पण तो नसता तर टोळी खाचरात उतरली नसती, आणि मग माझा दुरुस्त पंप काय कामाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमध्ये असताना त्यांचा फोन आला. त्यांनी फोन नुसता खाचराच्या दिशेने धरून ठेवला. लांबून ट्रॅक्टर येत होता. चिखलातला जड आवाज, मग बांध आला असणार, आवाज क्षणभर दबला, रोटाव्हेटर उचलला गेला, ट्रॅक्टर वळला आणि परत चिखलात उतरला. पंपाचा आवाज नव्हता. "ऐकलं का?" त्यांनी विचारलं. मी ऐकलं म्हणालो.

मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आपल्या सूचनापत्रात हे असलं काही लिहिता यायचं नाही."

लिहायची गरज नाही. मी तोंडी सांगतो. पंपाचं काम झालं, तेल पाजलं, इंजिन सुरू केलं की घरातल्या मोठ्या माणसाला पुढे बोलावतो आणि म्हणतो, तुमची आरती म्हणा. आरती नसेल त्या घरी तुमचं जे काही म्हणायचं असतं ते म्हणा, पण पुरतं म्हणा. छापील कागदावर दोन मिनिटं थांबा असं लिहिलेलं आहे आणि ती दोन मिनिटं थांबलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आरती अर्धवट सोडलेला मात्र एकही भेटलेला नाही.